फुलंब्रीनं फुलंब्रीत फुलंब्रीला हाक मारली

आधीच सांगून टाकते. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. आमच्या घराण्यात — माहेरच्या म्हणतेय — कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. त्या डिग्रीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. आठवी ते दहावीच्या पोरींना विज्ञान शिकवते. वर्गात कुणी करणी, अंगात येणं, असलं काही काढलं की मी फळ्याकडं बोट करते आणि म्हणते, कारण सांग, नाहीतर खाली बस.

या ग्रुपवर तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचत आलेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात नापास केलंय. आज माझीच उत्तरपत्रिका टाकतेय. तपासा.

माझं नाव फुलंब्री.

हो, तेच. तालुक्याचं. संभाजीनगरहून सिल्लोडकडं जाताना लागतं ते. जन्मदाखल्यावर, दहावीच्या सनदेवर, डिग्रीवर, सगळीकडं फुलंब्री.

माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढ्या, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन सगळं कुटुंब बाहेर पडायचं ते पावसाच्या तोंडाला परत. ज्या शेतकऱ्याला खत पाहिजे तो आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलवायचा. दोन-चार रात्री तिथं मुक्काम, मग पुढचं रान. आता माणसं फिरतीवर आहेत म्हणून बाळंतपणं काही थांबत नाहीत. तर आमच्या घराण्यात रीत अशी, की मुक्कामावर जे जन्मेल त्याला त्या गावाचं नाव. सगळ्या मेंढपाळांत हे नाही, आमच्यातच आहे. मी लहानपणी कारण विचारलं तर आबा म्हणाले, "परक्या रानात लेकरू जगलं, ते त्या गावानं जगवलं. मग नाव त्याचंच नको का?"

म्हणून माझा थोरला भाऊ कन्नड. शाळेत पोरं त्याला म्हणायची, कन्नडमध्ये बोलून दाखव. तो दोन शिव्या मराठीत देऊन दाखवायचा. चुलत बहीण वेरूळा. धाकटी बहीण तेवढी आम्ही पडेगावला घर केल्यावर सरकारी दवाखान्यात झाली, तिचं नाव पूजा. ती अजून रुसते, मलाच साधं नाव का म्हणून. आबा म्हणतात, "मग काय दवाखाना ठिवू का तुझं नाव?"

आणि ही रीत माणसांपुरती नव्हती. मी ज्या पहाटे फुलंब्रीच्या रानात जन्मले त्याच पहाटे एका मेंढीला पाठ झाली — म्हणजे मादी कोकरू. तिचंही नाव फुलंब्री. आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिच्या उजव्या कानाचं टोक तारेच्या कुंपणात अडकून फाटलेलं होतं, आणि माझ्या फ्रॉकची लेस चघळायची तिला खोड. आबांची हाक एकच असायची — फुलंब्रेऽऽऽ — शेवट असा वर उचललेला. आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी पळत यायचो. आई म्हणायची, "नीट बघून द्या, एकीला भाकर हाय अन् एकीला पाला."

मी प्राथमिक शाळेत असतानाच ती मेंढी म्हातारी होऊन मेली. मी जेवले नव्हते त्या दिवशी. पुढं आबांचे गुडघे गेले, कळप नगरकडच्या पाहुण्यांना देऊन टाकला, आणि आम्ही पडेगावला कायमचे राहिलो.

नावावरून हसणारे मला आयुष्यभर भेटले. कॉलेजात पहिल्या दिवशी सर हजेरी घेताना थांबले. म्हणाले, "गाव नको, नाव सांग." मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, नावच आहे. आणि गावही आहे. दोन्ही हजर." वर्ग हसला. मी नाही हसले. त्याच वर्गात शेवटच्या वर्षी पहिली आले.

मग लग्न झालं. आमचे हे, गणेश, वाळूजला कंपनीत आहेत. घर पुंडलिकनगरात. आमचं लग्न आम्हीच जमवलेलं. त्यांचं घर शेतीवाडीवालं, सासूबाईंचं माहेर देवगाव रंगारी, आणि माझे आबा मेंढरामागं फिरलेले. सासूबाईंनी मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पण नाव त्यांना सहन होत नव्हतं. पत्रिका छापायच्या वेळी म्हणाल्या, "चि. सौ. कां. फुलंब्री असं छापलं तर आर्धे पाहुणे तिकडंच उतरतील. लग्न लागायचं इथं अन् वऱ्हाड जायचं फुलंब्रीला."

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितात ना, तिथं त्यांनी 'पल्लवी' लिहून घेतलं. मी गप्प बसले. मांडवात भांडायचं नव्हतं मला. तेव्हापासून घरात मी पल्लवी. गणेश एकटे असले की फुला म्हणायचे, आईसमोर काहीच म्हणायचे नाहीत. आणि या उन्हाळ्यात सासूबाईंनी कागदोपत्रीही पल्लवी करून घ्यायचं काढलं. सोमवारी त्या कामाला जायचं ठरलं होतं.

हे सगळं ज्या शनिवारी घडलं तो त्या सोमवारच्या आधीचा शनिवार.

सासूबाईंची बहीण फुलंब्रीच्या पलीकडं एका खेड्यात असते. तिच्या नातवाचं जावळ होतं. गणेशना शिफ्ट, म्हणून स्कूटीवर मी आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, इथून पुढं आईच लिहिते. जाताना काही झालं नाही. जेवणावळीत मात्र एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला विचारलं, "सूनबाई, नाव काय तुझं?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, फुलंब्री. म्हातारा म्हणाला, "अगं, फुलंब्री ही काय इथं हाय, ती कशाला सांगती? तुझं नाव सांग." पंगत हसली. पाहुणा परत म्हणाला, "मग तुझ्या सासूचं नाव काय सिल्लोड का?"

आई हसल्या नाहीत.

परतीला स्कूटीवर त्या मागून बोलत होत्या आणि मी पुढं बघत होते. "चारचौघात मान खाली घालायला लावलीस. सोमवारी बदलूनच टाकू, एक घाव दोन तुकडे. मेंढरामागचं नाव कुठवर मिरवशील?"

मी म्हणाले, "आई, ऊन लागतंय, पदर घ्या डोक्यावर."

फुलंब्री गाव मागं पडलं. चौक्याचा घाट यायच्या आधी, संभाजीनगरकडं येताना डाव्या हाताला रस्त्याला लागून एक विहीर आणि चिंचेची मोठी झाडं आहेत. आई म्हणाल्या, जीव चाललाय माझा, त्या सावलीत घे. मी गाडी घेतली. सावलीत आधीच कुणीतरी होतं.

शंभरावर मेंढ्या. भर दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं कुणी लोकरीचा ढीग टाकून गेलंय. बाजूला घोडी बांधलेली, चिंचेच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं पोर, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसलेली एक बाई.

आई गाडीवरून उतरता उतरता म्हणाल्या, "घे. तुझं माहेरच भेटलं."

मी म्हणाले, "हो ना, बरं झालं," आणि सरळ त्या बाईजवळ जाऊन बसले. तिचं नाव ठकूबाई, नगरकडची. नवरा मोटरसायकलवर कॅन बांधून पाणी आणायला गेला होता. तिनं आम्हाला तिच्यातलंच गार पाणी दिलं. आईंनी वास घेऊन मग प्यायलं.

माझं लक्ष विहिरीकडं गेलं. सगळं रान करपून गेलेलं, आणि विहिरीलगत काट्याच्या कुंपणाआड एक पट्टा हिरवागार. कडवळ. म्हणजे जनावरांसाठी पेरतात ती ज्वारी. कापून नेलेली आणि बुडख्यांना नवी फूट आलेली. वीतभर, कोवळी, चकचकीत.

"कधी कापलंय हे?" मी विचारलं.

"मालक म्हनला, पंधरा दिस झालं. हीर आटली, मालकानं पाणी तोडलं. आमी वळू देत न्हाय तकडं एक बी मेंढरू." ठकूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला ठावं हाय?"

मला ठाऊक होतं, दोन्हीकडून. आबांकडून ठाऊक होतं की पाणी तोडलेल्या ज्वारीची नवी फूट मेंढीनं खाल्ली की किराळ लागते. मेंढी थरथरते, तोंडाला फेस, आणि बघता बघता आडवी. आणि डिग्रीमुळं हे ठाऊक होतं की त्या फुटीत हायड्रोसायनिक ॲसिड तयार होतं. सायनाइडच. दोन्ही ज्ञानांचा निकाल एकच.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं.

बॉम्बसारखा आवाज झाला. पोर झोळीत किंचाळलं, घोडी उधळायला बघू लागली, आणि लोकरीचा तो ढीग एका झटक्यात उठला आणि सुटला. रस्त्याकडं नाही गेला, नशीब. पण सुटला तो विहिरीकडं. कुंपणाच्या एका कोपऱ्यात काटे बसले होते, पहिली मेंढी तिथून आत गेली. एक आत गेली की बाकीच्या विचार करत नाहीत. आम्ही पळत तिथं पोचेपर्यंत सगळा कळप कडवळात होता आणि सगळ्यांची तोंडं खाली.

मला आजही आठवतो तो आवाज. शंभर तोंडांचं कराकरा चावणं.

ठकूबाई आत घुसली. शीळ घातली, दगड मारले, काठीनं झोडपलं. दोन्ही कुत्री भुंकून थकली. मेंढी सकाळपासून उपाशी असली आणि तोंडाखाली कोवळा घास असला की तिला धनी दिसत नाही. एक ओढून बाहेर काढली की ती दुसऱ्या बाजूनं आत. मीही चपला टाकून घुसले, दोन-तीनदा कोकरं उचलून बाहेर फेकली. आणि मागं बघते तर आमच्या आई — ज्यांना मघाशी पाण्याचाही वास आला होता — छत्री फटाफट उघडत-मिटत मेंढ्यांच्या अंगावर धावून जात होत्या. "हाड, हाड. अगं सटवे, मरशील की."

पण तीन बायका आणि शंभर मेंढ्या. हिशेब कुणालाही कळेल.

ठकूबाई मधेच थांबली. काठी सोडून दिली आणि बांधावर मटकन बसली. "गेलं," म्हणाली. "समदं गेलं. धनी इचारतील, तू कुठं हुतीस." पलीकडं झोळीत पोर रडत होतं. तिला ते ऐकूही येत नव्हतं.

इथून पुढचं जसं घडलं तसंच लिहितेय. एक शब्द वाढवत नाही.

मी हाक मारायचं ठरवलं नव्हतं. मी त्या कडवळाच्या मधोमध उभी होते, घामानं डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि माझ्या तोंडून हाक निघाली. आबांची. तीच लांबवलेली, शेवट वर उचललेली.

"फुलंब्रेऽऽऽ"

वर्गात मी माईक घेत नाही, माझा आवाज मोठाच आहे. पण तो आवाज मी पुन्हा काढून बघितलाय, तसा निघत नाही.

आणि चावण्याचा आवाज थांबला.

सगळाच थांबला, एकदम. वर्गात बाई आल्यावर होतं तसं. माझ्यापासून लांब, पार विहिरीच्या कडेला एका मेंढीनं मान वर केली. कपाळावर पांढरा ठिपका. माझ्याकडं बघितलं. मग चालायला लागली. पळाली नाही, चालत आली — तोंडाखालचा घास टाकून, बाकीच्यांच्या मधून वाट काढत. ती जिच्या जिच्या शेजारून गेली ती ती मेंढी मान वर करून तिच्या मागं लागली. मी उलट पावली चालत कुंपणाच्या त्या कोपऱ्यातून बाहेर आले. ती बाहेर आली. तिच्या मागं एक, तिच्या मागं एक, रांगेनं, शाळा सुटल्यासारखा सगळा कळप बाहेर. मी चिंचेखाली येऊन थांबले आणि त्या माझ्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या.

वक्तृत्वाची बक्षिसं मी लई घेतलीत. पण इतकं माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

ठिपक्याची मेंढी अगदी पुढ्यात आली, माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि चघळायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला तिचा उजवा कान दिसला. टोकाला फाटलेला.

मी खाली बसले. तो कान दोन बोटांत धरून बघितला.

नंतरची धावपळ सांगते. मी फुलंब्रीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवून फोन केला आणि "ज्वारीची विषबाधा आहे, सायनाइड, इंजेक्शन घेऊनच या" असं स्पष्ट सांगितलं. ते येईपर्यंत ठकूबाईनं चहाचा होता नव्हता तेवढा गूळ पाण्यात कालवून पाजायला घेतला. दोन मेंढ्या थरथरायला लागल्या होत्या, एक बसली होती. डॉक्टरांनी तिघींना इंजेक्शन दिलं. संध्याकाळच्या आत तिन्ही उभ्या. एकही मेंढी मेली नाही. पुन्हा लिहिते, एकही नाही. डॉक्टर जाताना म्हणाले, "अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर मी फक्त मोजायला आलो असतो."

ठकूबाईचा नवरा पाणी घेऊन आला तेव्हा ती त्याला सांगत होती आणि तो माझ्याकडं बघत होता. मग तिनं विचारलं, "ताई, तुमी काय म्हनलं वो मेंढरास्नी?"

"माझं नाव घेतलं."

"तुमचं?" तिनं आईकडं बघितलं. "ह्या तर मघापासनं पल्लवी म्हनत्यात."

आई छत्रीची काडी सरळ करत होत्या. काडी काही मोडली नव्हती. म्हणाल्या, "म्हणते मी कधी कधी."

आता माझं डोकं ताळ्यावर आलं होतं आणि विज्ञानाची बाई जागी झाली होती. मी ठकूबाईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही मेंढी कुठली? घरचीच, गावाकडं जन्मलेली, आता तिसरं वरीस. विकत घेतलेली नाही? तिची आई? ती पण घरचीच, सासऱ्याच्या वेळेपासूनची. पडेगावच्या कुणाकडून कधी मेंढ्या घेतल्या? पडेगाव कुठं आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमचे नगरकडचे पाहुणे? त्यांची ओळखही निघाली नाही. फुलंब्रीला पूर्वी कधी मुक्काम? पहिल्यांदाच, कालच आलेत. हिचं नाव काय?

"नाव कशाला ठिवतंय कोन? टिकली म्हनतो."

"आणि कान कशात फाटला?"

"फाटला न्हाय. तसाच हाय. जन्मलीच तशी."

मी दरवर्षी नववीच्या पोरींना शिकवते की जन्मानंतर झालेली जखम पुढच्या पिढीत उतरत नाही. उंदरांच्या शेपट्या कापल्या म्हणून बिनशेपटीचे उंदीर जन्मत नाहीत. आणि इथं तर ती माझी फुलंब्री आणि ही टिकली यांचं नातंही नव्हतं.

पण खरा प्रयोग मी केला नाही, आईंनी केला.

मेंढ्या पुन्हा सावलीत रवंथ करत होत्या. आई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "थांब, मी बघते." आणि टिकलीकडं तोंड करून, देवाला हाक मारावी तशा गंभीरपणे म्हणाल्या, "पल्लवीऽऽ."

मेंढीनं कान हलवला. माशीसाठी.

ठकूबाईचा नवरा तोंडावर हात ठेवून हसला. आई मागं हटणाऱ्या नाहीत. दम घेतला आणि म्हणाल्या, "फुलंब्रीऽऽ." काही नाही. "ठकूबाई, तू म्हण गं." ठकूबाईनं आपल्याच मेंढीला फुलंब्री म्हणून हाक मारली. तिनं ढुंकून बघितलं नाही. मग आई माझ्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत मला आधी कधी न दिसलेलं काहीतरी होतं. हळूच म्हणाल्या, "आता तू."

मी मोठ्यानं नाही मारली. अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "फुलंब्रे."

टिकलीनं मान वर केली. तिच्याबरोबर सगळ्यांनी.

मग ठकूबाईनं झोळीतलं पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं, ओटीत घातल्यासारखं. मी थोडा वेळ त्याला तसंच धरून बसले.

निघायची वेळ झाली. आई गाडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी ठकूबाईशी बोलतच होते. मागून आवाज आला.

"फुलंब्री, गाडी काढ. उशीर झालाय."

इतक्या साध्या आवाजात, जसं काही त्या पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होत्या. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं, माझं तोंड कसं झालंय ते.

घाट उतरला. हर्सूल जवळ आलं तेव्हा मागून म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव ठाऊक हाय का तुला?"

"नाही, आई."

"द्वारका. सुनंदा इथं आल्यावर झाले. देवगावला अजून दोन-चार म्हाताऱ्या हायेत, द्वारके म्हणून हाक मारणाऱ्या." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला लवकर ओळखू येत नाय आता, आपल्यालाच मारली म्हणून."

सोमवारी आम्ही कुठंही गेलो नाही. गणेशनी विचारलं, त्या कामाचं काय? आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कुठलं काम?"

पुढच्या रविवारी मी पडेगावला गेले आणि आबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. मला वाटलं होतं चकित होतील. त्यांनी फक्त चिंचेची झाडं आणि विहीर कुठं ते पुन्हा विचारलं, आणि माझ्या माहेरच्या आईकडं बघून म्हणाले, "तेच रान." आई म्हणाली, "व्हय, चिंचा व्हत्या खऱ्या."

"पण आबा, ती मेंढी आपली नव्हती," मी म्हणाले. "तिनं माझा आवाज कधी ऐकला नव्हता. मग ती आली कशी?"

"तुला वाटतं तू मेंढराला हाक मारली," आबा म्हणाले. "तू गावाला मारली. नाव त्याचं हाय ना. ते ओ देणारच."

हे उत्तर मला पटलेलं नाही. पेपरात कुणी असं लिहिलं तर मी मार्क देणार नाही. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले योगायोग. मी म्हणाले, सर, एकदा योगायोग, पण आईंनी करून बघितलं तेव्हा? ते म्हणाले, तुमच्या आवाजात काही विशिष्ट वारंवारता असेल. असेल. पण मग तोच आवाज वापरून मी पुढं दौलताबाद रस्त्याला दिसलेल्या तीन कळपांना हाक मारून बघितली. मेंढ्या खातच राहिल्या आणि मेंढपाळ मला येडी समजले. फाटक्या कानाचं तर कुणाकडंच काही उत्तर नाही. माझ्याकडंही नाही. फळ्याकडं बोट केलं तरी तिथं काही लिहिलेलं नाही.

ठकूबाईचा कळप पावसाच्या आधी सुखरूप घरी पोचला. तसा तिचा फोन आला होता. टिकलीला ते लोक आता फुलंब्री म्हणतात, पण ती काही ओ देत नाही म्हणे.

आमच्याकडं मात्र आई देतात. हाक, म्हणजे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी कोपऱ्यावर भाजी घेत असले, कुणाशी बोलत असले, तर गॅलरीतून सगळ्या पुंडलिकनगरला ऐकू जाईल अशी हाक येते — फुलंब्रेऽऽऽ — शेवट वर उचललेला. हा सूर त्यांना मी शिकवलेला नाही. गल्लीतली माणसं हसतात.

मी मान वर करते.